नापास यकृत आणि बाथरूममधलं मश्रूम

माझं यकृत नापास झालं. तेही चारचौघांत.

चारचौघांत म्हणजे डॉक्टरबाईंच्या खोलीत. समोर डॉक्टरबाई, उजवीकडे माझा थोरला भाऊ म्हणजे दादा, त्याच्या पलीकडे वहिनी आणि माझ्या मागे आमची ही. दादाच्या पित्ताच्या नळ्या आक्रसत चालल्या होत्या. डोळे पिवळेजर्द झाले होते आणि सगळ्या अंगाला अशी खाज सुटायची, की बिचाऱ्याचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. दादा गणिताचा मास्तर. निवृत्त झाला तरी शाळेतली लाकडी फूटपट्टी जवळ बाळगायचा, ती आता पाठ खाजवायला उपयोगी पडत होती. नवीन यकृताशिवाय इलाज नाही असं सगळ्यांनी सांगून झालं होतं. आणि यकृत ही काही दुकानातून आणायची वस्तू नाही. कुणीतरी जिवंत माणसाने आपल्यातला तुकडा कापून द्यायचा असतो. वहिनींचा रक्तगट जुळेना, दादाला मूलबाळ नाही. उरलो मी.

मी तयार होतो. खरं सांगायचं तर जरा जास्तच तयार होतो. जन्मापासून जे जे दादाकडे होतं ते ते माझ्याकडे कमी होतं, उंची, अक्षर, मार्क, सगळंच. आता प्रथमच माझ्याकडे असं काहीतरी होतं, जे त्याला हवं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घालून, छाती पुढे काढून गेलो होतो.

"चरबी आहे," डॉक्टरबाई पडद्यावरच्या चित्राकडे बघत म्हणाल्या. "बरीच आहे. असल्या यकृताचा तुकडा मी कुणाला देऊ शकत नाही."

"अहो, पण मी दारूच्या थेंबाला शिवत नाही!"

"दारूच लागते असं नाही. बिस्किटंही पुरतात."

मागून हिने घसा खाकरला. हिचं घसा खाकरणं ऐकण्यापेक्षा माणसाने सरळ चार शब्द ऐकून घ्यावेत.

"काय रे," दादा पिवळे डोळे माझ्याकडे वळवून म्हणाला, "इथेसुद्धा काठावर पास होता आलं नाही तुला?"

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. मला लांबून येताना बघून दुकानदार तराजू पुसायला लागतात. अशा माणसाच्या पोटात जादा माल सापडावा, आणि तोही त्याच्या भावासमोर, वहिनीसमोर, बायकोसमोर! पण अपमान गिळून मी विचारलं, "आता?"

"आता वजन उतरवा. चाला, पोहा, गोड आणि तळलेलं बंद करा. तीन महिन्यांनी पुन्हा चित्र काढू. तोवर यांना मी औषधांवर टिकवते. त्यापुढचा शब्द मात्र मी देत नाही."

वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. दादा फूटपट्टीने मान खाजवत राहिला.

चाला म्हणे! एवढी शिकलेली बाई, एवढं मोठं यंत्र, माणसाला बोगद्यात घालून आरपार बघतात, आणि उपाय काय तर चाला. एवढ्या गंभीर रोगावर इतका फुकटचा उपाय असूच शकत नाही, असं माझं ठाम मत झालं. भावाचा जीव टांगणीला लागला असताना मी रस्त्याने हात हलवत फिरू?

अशा वेळी माणसाला शेजारी भेटतात. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त विमा अधिकारी राहतात. त्यांना घरात आम्ही विश्वकोश म्हणतो, कारण त्यांना माहीत नाही असा विषय नाही आणि पुरतं माहीत आहे असाही नाही. जिन्यात मला गाठून त्यांनी सगळी हकीकत काढून घेतली आणि एकच शब्द उच्चारला.

"रेशी."

"म्हणजे?"

"औषधी मश्रूम. मश्रूमांचा राजाच म्हणा ना. उंदरांवर प्रयोग झालेत, साहेब. चरबीने थबथबलेली यकृतं, अगदी तुमच्यासारखी, पार लख्ख झाली."

"पण मी उंदीर नाही."

"मग प्रमाण वाढवायचं," विश्वकोश म्हणाले.

या उत्तराने मी गार झालो. प्रमाण हा माझ्या खात्याचा विषय.

बाजारात रेशीची पूड मिळते, डब्यांतून, पुड्यांतून, गोळ्यांतून. दुसरा कुणी असता तर त्याच दिवशी डबा आणून चमचाचमचा खायला लागला असता. पण माझी सारी नोकरी पाकिटबंद माल फोडून बघण्यात गेली आहे. मिरपुडीत काय असतं आणि कॉफीत काय असतं, हे मी सांगितलं तर तुम्ही उद्यापासून फक्त गरम पाणी प्याल. दुसऱ्याने दळलेली पूड आणि तीही माझ्या, म्हणजे दादाच्या होऊ घातलेल्या, यकृतात? शक्यच नाही. मी रेशी स्वतः उगवायची ठरवली. डोळ्यांदेखत उगवलेलं, स्वतः कापलेलं, स्वतः वाळवलेलं आणि खात्याच्या शिक्का मारलेल्या तराजूवर मोजलेलं. तेवढंच पोटात जाईल, दुसरं काही नाही.

"डॉक्टर चाला म्हणाल्या," ही म्हणाली. "मश्रूम लावा नाही म्हणाल्या."

"अगं, त्यांना सगळंच कसं ठाऊक असेल?"

"आणि त्या खालच्यांना आहे?"

हिने त्या दिवसापासून बिस्किटांचा डबा, साखर आणि तेलाची बाटली कुठेतरी लपवली. कुठे, ते मला आजतागायत कळलेलं नाही. ताटात उकडलेल्या भाज्या येऊ लागल्या, आणि मी दादाकडे बघून त्या गिळू लागलो.

रेशीची पिशवी पार्सलने यायची होती. ती आली, आणि पार्सल कचेरीत अडकली. मी गेलो तर खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "आत काय आहे?"

"भुशाची पिशवी. त्यात मश्रूम आहे. म्हणजे उगवायचंय अजून."

"जिवंत आहे?"

"हो."

"प्राणी की वनस्पती?"

मी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. कारण याच विषयावर मी त्या आठवड्यात पुस्तकं पालथी घातली होती आणि वाचून थक्क झालो होतो. "दोन्ही नाही," मी म्हणालो.

"असं कसं? इथे दोनच चौकोन आहेत."

"चौकोन दोन असतील हो, पण बुरशीचं कुळच वेगळं असतं!"

कारकुनाने साहेबांना बोलावलं. साहेब चहा अर्धवट टाकून आले होते, त्यामुळे निकाल लावायच्या घाईत होते. "हलतं का?"

"नाही."

"मग वनस्पती."

"पण ते उन्हावर जगत नाही, साहेब. आपल्यासारखं खाऊन जगतं. खरं म्हणजे झाडांपेक्षा ते आपल्याच जास्त जवळचं आहे," मी भारावून सांगितलं.

"मग प्राणी. प्राण्याला पशुवैद्याचा दाखला लागतो. घेऊन या."

मी निमूटपणे वनस्पतीच्या चौकोनात खूण करून खाली सही केली. इतक्या वर्षांच्या नोकरीत जाणूनबुजून खोट्या नोंदीखाली केलेली ही माझी पहिली सही.

पिशवी म्हणजे पांढऱ्या बुरशीने घट्ट विणलेला भुशाचा ठोकळा होता. त्याला उबदार, दमट आणि बंद जागा हवी. अशी जागा आमच्या घरात एकच, बाथरूम. आणि साबणाचा फेस, शाम्पूचा वास त्याला बिलकूल चालत नाही, असं विश्वकोशांनी बजावलं. संडास वेगळा आहे म्हणून आम्ही वाचलो. मी बाथरूममध्ये स्टूल ठेवलं, स्टुलावर पिशवी ठेवली, भिंतींवर पाणी मारलं आणि दार लावून घेतलं.

"आणि माणसांनी अंघोळ कुठे करायची?" हिने विचारलं.

ही दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्ष सांभाळते. दवाखान्याच्या मागेच हिची बहीण राहते. ही तिच्याकडे अंघोळीला जाऊ लागली. जाताना पिशवीत टॉवेल आणि चेहऱ्यावर असा भाव, की पाहणाऱ्याला वाटावं बाई माहेरी निघाली ती कायमचीच. मी मात्र मेव्हणीकडे अंघोळीला जाणं शक्य नव्हतं. माणसाला काही प्रतिष्ठा असते.

मला सार्वजनिक जलतरण तलाव आठवला. तिथे गरम पाण्याचे शॉवर आहेत. बस तिथवर जात नाही, चांगली तंगडतोड करावी लागते. पण नाइलाज होता. पहिल्या दिवशी मी साबण आणि टॉवेल घेऊन सरळ शॉवरकडे निघालो, तोच कानठळ्या बसवणारी शिट्टी झाली. तलावावर एक आडव्या बांध्याच्या बाई देखरेख करतात. गळ्यात शिट्टी असते आणि ती त्या वाजवतातच.

"पोहल्याशिवाय शॉवर नाही!" शिट्टीबाई म्हणाल्या आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. खरंच तसा नियम लिहिला होता.

"मला पोहता येत नाही."

"मग चाला. पाण्यात."

दुसऱ्या दिवशी मी बेसिनवर डोकं ओलं करून, पोहून आल्यासारखा धापा टाकत शॉवरकडे गेलो. शिट्टी झाली. "गुडघे कोरडे आहेत," बाई म्हणाल्या. मी स्वतः निरीक्षक आहे. चांगली तपासणी कशाला म्हणतात ते मला कळतं. मी मान खाली घालून पाण्यात उतरलो.

उथळ भागात सकाळी आज्यांचा एक गट पाण्यातली कवायत करायचा. सगळ्यांच्या डोक्यावर रबरी टोप्या, त्यांवर रबरी फुलं. त्यांनी मला रांगेच्या शेवटी घेतलं. कमरेइतक्या पाण्यात गुडघे उचलत चालायचं, हात पसरायचे, वळायचं, परत यायचं. मी एक हुद्देदार सरकारी अधिकारी, फुलांच्या टोप्यांमागे गुडघे उचलत चाललो आहे, हे कुणा दुकानदाराने पाहिलं असतं तर बाजारात एक वजन जागेवर राहिलं नसतं. थांबलो की शिट्टी. "अहो, ते जाड भुवयांवाले! गुडघा वर!"

आज्यांनी दोन दिवसांत माझ्याकडून दादाची सगळी कथा काढून घेतली. रोज पाण्यात उतरलं की पहिला प्रश्न, "थोरल्याची झोप कशी आहे?" आणि मी "नाहीच लागली" म्हणालो की त्यातली सर्वांत म्हातारी आजी "मग चल, अजून एक फेरी" म्हणायची, जणू फेरीचा आणि झोपेचा काही संबंध आहे.

इकडे बाथरूममध्ये चमत्कार चालला होता.

आधी पिशवीच्या तोंडाशी एक पांढरा गड्डा आला. मग त्याचं बोट झालं. मग बोटाला बोटं फुटली. सांबराच्या शिंगांसारखी ती वर चढू लागली, खाली तांबडी, वर पिवळी, टोकाला दुधाळ पांढरी, आणि अंगावर अशी चकाकी की आत्ता कुणी पॉलिश करून गेलंय. मी दार किलकिलं करून बघत उभा राहायचो. आवाज नाही, हालचाल नाही. भुसा, पाणी आणि अंधार, एवढ्यातून हे येतं कसं? मी आयुष्यभर वस्तू मोजल्या, पण आपोआप वाढणारी वस्तू अशी समोर बसून कधी बघितली नव्हती. खरंच सांगतो, दार लावताना माझा आवाज आपोआप हळू व्हायचा.

"हवा कमी पडतेय म्हणून शिंगं येतायत," विश्वकोश स्टुलाभोवती फिरून म्हणाले. "खिडकी उघडा, पंखे धरतील." आश्चर्य म्हणजे हे त्यांचं म्हणणं बरोबर निघालं. खिडकी उघडली आणि शिंगांची टोकं पसरत पसरत तळहाताएवढे, मग ताटाएवढे लालभडक पंखे झाले. विश्वकोशांना स्वतःलाच एवढा धक्का बसला, की ते दोन दिवस काही बोलले नाहीत.

आणि त्याच सुमारास माझा पट्टा सैल झाला. मी आतलं भोक वापरू लागलो, मग त्याच्या आतलं. मी चकित! अजून तर मी रेशीचा कण जिभेला लावला नव्हता. ती पिकायची होती. म्हणजे नुसत्या सहवासानंच?

"वासानं!" विश्वकोश ओरडले. "श्वासावाटे जातंय!"

मग काय विचारता! इमारतीत बातमी पसरली. गुडघेदुखी, सर्दी, केसगळती, सगळी मंडळी आमच्या बाथरूममध्ये येऊन श्वास घेऊ लागली. विश्वकोश दारात उभे राहून "दीर्घ घ्या, दीर्घ घ्या" म्हणायचे. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, ज्यांनी जन्मात कुणाला नमस्कार केला नव्हता, तेही टकलावर हात फिरवत आत डोकावून गेले. ही दवाखान्यातून घरी आली की आधी स्वतःच्या घरात शिरायला रांग लावायची.

"तुम्ही रोज तासभर पाण्यात कवायत करता," ही एकदा म्हणाली, "उकडलेलं खाता. म्हणून पट्टा सैल झालाय."

"छे! ते तर अंघोळीसाठी करतो मी."

हिने कपाळाला हात लावला.

एका दुपारी वहिनी दादाला घेऊन आल्या. दादा खूप वाळला होता. जिना चढताना मी हात दिला तर त्याने तो झटकला नाही, आणि तेच मला भयंकर वाटलं. "बघू तुझं ते शिंग," एवढंच तो म्हणाला. मी त्याला बाथरूममध्ये खुर्ची टाकून दिली आणि स्वतः उलट्या बादलीवर बसलो.

खिडकीतून उन्हाची एक तिरीप आत आली होती. त्या तिरिपेत रेशीखालून काहीतरी निघत होतं. धूर म्हणावा तर धूर नाही. अगदी बारीक, तपकिरी, सावकाश वर चढणारं. तिचे बीजाणू सुटायला लागले होते. लाखो की कोटी, मोजणार कोण? उगवायला पुरेशी जागा एकालाही मिळेल की नाही याचा पत्ता नाही, तरी ती आपली सोडतच होती. आम्ही दोघं भाऊ बघत बसलो. दादाने आकडा विचारला नाही. मीही सांगायचा प्रयत्न केला नाही. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की त्याची फूटपट्टी मांडीवर पडली आहे आणि तो खाजवायचं विसरला आहे.

"मला जगायचंय रे," दादा एकदम म्हणाला. "असं काही बघितलं की फार वाटतं."

मी म्हणालो, "पास होईन या खेपेला." दादाने मान हलवली. मग फूटपट्टी पुन्हा मानेकडे गेली.

ते सुंदर दृश्य फक्त आमच्या बाथरूमपुरतं राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण खिडकी उघडी होती. वाऱ्याने ती सगळी तपकिरी पूड इमारतभर नेली. कठड्यांवर, कुंड्यांवर, गाड्यांच्या काचांवर कुणी कोको चाळून ठेवल्यासारखा थर बसला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या परिचारिकेचे दोरीवर वाळत घातलेले पांढरे गणवेश बदामी झाले. एका गृहस्थाने गंज चढतोय म्हणून स्वतःच्या नव्या सायकलला ब्रशने घासून तिचा रंग काढला. सेक्रेटरी आले. टकलावर पुडीचा पातळ थर होता, केस मात्र नव्हता. बहुधा त्याचाच राग जास्त असावा.

सभा भरली. काल ज्यांनी दीर्घ श्वास घेतले होते तेच आज नाकाला रुमाल लावून बसले होते. विश्वकोश म्हणाले, "मी आधीच म्हणत होतो, खिडकी उघडू नका." ठराव झाला की रेशी ताबडतोब इमारतीबाहेर काढावी आणि जिने मी धुवावेत. मी सगळे जिने धुतले. वरून खाली, बादल्या वाहून. दोन दिवस लागले. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं.

रेशी मी कापली. ओला कपडा घेऊन एकेक पंखा पुसला, वाळवला. लाकडासारखी टणक झाली, पण रंग तस्साच. खायला सुरुवात करायची, तर तेव्हाच पुन्हा चित्र काढायची तारीख आली. म्हटलं, डॉक्टरबाईंना दाखवूनच खाऊ. त्यांनाही जरा कळू दे. केकच्या खोक्यात घालून मी ती दवाखान्यात नेली आणि त्यांच्या टेबलावर उघडली.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "किती दिवस खाताय?"

"अजून सुरुवात नाही. पिकायची होती ना. पूड मिळते बाजारात, पण माझा विश्वास नाही."

त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. "कणभरही नाही?"

"नाही."

"ऐका. उंदरांवर हिचे प्रयोग आशादायक आहेत, खोटं नाही. माणसांवर अजून धड काही सिद्ध झालेलं नाही. पण असली पूड खाऊन उलट यकृतच सुजलेले पेशंट मी पाहिलेत. रक्तही पातळ होऊ शकतं. तुम्ही तीन महिने ही खाल्ली असती ना, तर मी तुम्हाला ऑपरेशनच्या टेबलाजवळ फिरकू दिलं नसतं."

दादाकडे बघायची हिंमत होईना. एक डबा. कुठल्याही कोपऱ्यावरच्या दुकानातला एक डबा घेतला असता, तर? ज्या संशयी स्वभावाबद्दल उभ्या बाजाराने मला शिव्या घातल्या, त्याने त्या दिवशी दादाला वाचवलं. माझा घाम पुसायला हिने मागून रुमाल पुढे केला.

मग चित्र आलं. डॉक्टरबाईंनी ते मोठं करून, पुढेमागे करून पाहिलं. वहिनींच्या बोटाला पदर.

"कमाल आहे," त्या म्हणाल्या. "चरबी जवळजवळ गेलीय. काय केलंत?"

मी खोक्याकडे बघितलं. खोक्यातली रेशी गप्प. शेवटी मान खाली घालून मी म्हणालो, "अंघोळ."

पास! दादाने माझ्या पाठीवर थाप मारली, तिच्यात जोर नव्हता, पण मला ती हाडापर्यंत लागली.

एवढं होऊनही सुटका नव्हती. अवयव देण्याआधी एक समिती बसते. भाऊ खरा आहे ना, जबरदस्ती नाही ना, हे ती बघते. लांब टेबलामागे तिघंजण होते.

"तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?" मधल्या बाईंनी विचारलं.

"आहे. लहानपणापासून. पण या बाबतीत नाही."

त्या हसल्या नाहीत. "भावाभावात प्रेम आहे याला काही आधार?"

आली का पंचाईत! आम्ही एकमेकांना कधी वाढदिवसाचं कार्डसुद्धा दिलेलं नाही. जुन्या फोटोंत दोघं आहोत, पण मध्ये कायम कुणीतरी उभं केलेलं, मारामारी नको म्हणून. त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. बाहेर दादा वळकटीसारखा बाकावर बसला होता.

"काय बोललास?" त्याने विचारलं.

"काही सुचलं नाही."

"सुचणार कसं? मी सांगितलं होतं मुद्दे काढून ठेव."

"दादा, प्रेमाचे मुद्दे काढतात का कुणी?"

"सगळ्याचे मुद्दे निघतात! तुला तिसरीपासून सांगतोय!"

"आणि मी तिसरीपासून ऐकतोय! यकृत देतोय मी, जरा तरी गप्प बस ना!"

"मग नको देऊस! तुला काही झालं तर मी काय करू? कुणाला ओरडू मग?" दादाचा आवाज चिरकला. फूटपट्टी खाली पडली. आम्ही दोघं ती उचलायला वाकलो आणि कपाळावर कपाळ आपटलं.

मान वर केली तर समितीच्या मधल्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मागे वळून आतल्या दोघा सदस्यांना सांगितलं, "मंजूर करा. इतकं खरं भांडण कुणाला भाड्याने मिळत नाही."

ऑपरेशनचं मी काय सांगणार? मी झोपलो होतो. जागा झालो तेव्हा पोटावर आडवी पट्टी आणि उशाशी ही. हिने आधी माझा हात हातात घेतला, मग सांगितलं की दादाही ठीक आहे, मग रडली. मी यकृताचा मोठा वाटा देऊन बसलो होतो, आणि डॉक्टरबाई सांगत होत्या की राहिलेला भाग लगेच वाढायला लागतो. माझ्यातला माझ्यात, दादातला दादात, काही आठवड्यांत दोन्हीकडे जवळजवळ पुरतं यकृत. मी पुन्हा पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. मी पट्टीवर हात ठेवून पडून राहायचो. आत आवाज नाही, हालचाल नाही, आणि काम चाललेलं.

आठवडा उलटून गेल्यावर मला दादाला भेटायची परवानगी मिळाली. दुपारची वेळ होती. मी भिंत धरून, टाके सांभाळत दादाच्या खोलीकडे निघालो. दारात वहिनी उभ्या होत्या. मला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"काय झालं वहिनी?"

"शूऽऽ, भाऊजी! ऐका."

मी कान दिला. आतून एक घरघर येत होती. लांब, खोल, मध्येच अडकणारी आणि पुन्हा जोरात सुटणारी. दादा घोरत होता. हात अंगाशेजारी सरळ पडलेले, बोटं उघडी, चेहरा कसा शांत. कुठेही खाजवत नव्हता.

"सकाळपासून झोपलेत," वहिनी कुजबुजल्या. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही. "किती दिवसांनी ऐकतेय हो मी हे. पूर्वी मी या आवाजाला वैतागून दुसऱ्या खोलीत जायची."

मला हसू आलं, रडूही आलं, आणि दोन्हीनं टाके दुखत होते म्हणून मी भिंतीला घट्ट धरून उभा राहिलो.

तेवढ्यात डॉक्टरबाई आपली फौज घेऊन तपासणीला आल्या. वहिनींनी दोन्ही हात पसरून दार अडवलं. एवढ्या मोठ्या डॉक्टर, त्यांच्यामागे कागद, नळ्या, यंत्रं घेतलेली माणसं, सगळी जागच्या जागी थांबली. डॉक्टरबाईंनी आतला आवाज ऐकला, मागच्या लोकांना हाताने खूण केली आणि चपला काढून हातात घेतल्या.

मग आम्ही सगळे तिथेच दारात उभे राहून ऐकत राहिलो.